लीप वर्षाचा हिशेब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार वर्षांतून एकदा फेब्रुवारीला एक दिवस जास्त मिळतो, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. पण तो का मिळतो, फेब्रुवारीलाच का, १९०० साली का मिळाला नाही आणि २१०० साली का मिळणार नाही, असे विचारले की बरेचजण अडखळतात. त्यात कमीपणा काही नाही. रोममध्ये ज्यांच्याकडे कॅलेंडर सांभाळण्याचे काम होते, त्या धर्माधिकाऱ्यांचाही हा हिशेब तीन तपे चुकत होता. ती गोष्ट पुढे येईलच.

लीप वर्ष म्हणजे नेमके काय?

३६५ ऐवजी ३६६ दिवसांचे वर्ष. जास्तीचा दिवस २९ फेब्रुवारी.

'लीप' या इंग्रजी शब्दाचा अर्थ उडी. मराठीत 'प्लुत वर्ष' असाही शब्द आहे आणि त्याचाही अर्थ तोच. उडी कोण मारतो? वार. ३६५ दिवसांत ५२ आठवडे पुरे होऊन एक दिवस उरतो, म्हणून एखादी तारीख दरवर्षी एकेक वार पुढे जाते. १ जून २०२२ ला बुधवार होता, २०२३ मध्ये त्याच तारखेला गुरुवार आला. २०२४ मध्ये मात्र शुक्रवार चुकवून ती थेट शनिवारवर गेली, कारण मध्ये २९ फेब्रुवारी येऊन गेली होती.

पृथ्वी ३६५ दिवसांत सूर्याभोवती एक फेरी मारते, मग जास्तीचा दिवस कशाला?

शाळेत ३६५ सांगतात ते सोयीसाठी. मार्चमध्ये दिवस आणि रात्र सारखे होतात तो वसंतसंपात. एका वसंतसंपातापासून पुढच्या वसंतसंपातापर्यंत, म्हणजे ऋतूंचे एक पूर्ण चक्र व्हायला, सरासरी ३६५ दिवस, ५ तास, ४८ मिनिटे आणि ४५ सेकंद लागतात. दशांशात ३६५.२४२२ दिवस. या वर्षाला सायन वर्ष म्हणतात.

दिवस ठरतो पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यावरून आणि वर्ष ठरते तिच्या सूर्याभोवतीच्या फिरण्यावरून. या दोन गती एकमेकींना बांधलेल्या नाहीत. घड्याळातल्या चाकांचे दात एकमेकांत अडकवलेले असतात, म्हणून तासकाट्याची एक फेरी होते तेव्हा मिनिटकाट्याच्या बरोबर बारा होतात. परिवलन आणि परिभ्रमण यांच्यात असे दात नाहीत. वर्षात दिवसांची पूर्ण संख्या बसली असती तर तो योगायोग ठरला असता, आणि तसा योगायोग घडलेला नाही.

त्यामुळे ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री आपण वर्ष संपले म्हणतो तेव्हा ऋतुचक्र पुरे व्हायला जवळपास सहा तास बाकी असतात. पृथ्वी सेकंदाला साधारण ३० किलोमीटर वेगाने कक्षेत धावते, म्हणजे तिला अजून सव्वासहा लाख किलोमीटर कापायचे असतात. चार वर्षांत ही बाकी २३ तास १५ मिनिटांवर जाते. आपण ती एक दिवस देऊन फेडतो. फेडताना पाऊण तास जास्त दिला जातो. तो पाऊण तास लक्षात ठेवा, पुढची सगळी भानगड त्याच्यामुळे आहे.

हा दिवस दिलाच नाही तर काय बिघडेल?

एका आयुष्यात फारसे काही नाही. शंभर वर्षांत ऋतू आणि तारखा यांच्यात २४ दिवसांचे अंतर पडेल, ते आजोबा आणि नातू यांच्या आठवणी ताडून पाहिल्या तरच जाणवेल. पण साडेसातशे वर्षांत अंतर सहा महिन्यांचे होईल. आज ज्या प्रदेशात जानेवारी थंडीचा आहे तिथे तो ऐन उन्हाळ्यात येईल. पेरणी कोणत्या महिन्यात, पाऊस कधी, नदीला पूर कधी, हे सांगायला मग कॅलेंडरचा उपयोग राहणार नाही.

हे खरोखर घडलेले आहे. प्राचीन इजिप्तचे वर्ष ठाम ३६५ दिवसांचे होते : तीस-तीस दिवसांचे बारा महिने आणि शेवटी पाच सुटे दिवस. ते दर चार वर्षांनी एक दिवस सरकत सरकत सगळ्या ऋतूंमधून फिरून यायचे आणि मूळ जागी परतायला त्याला १,४६१ वर्षे लागायची. इ.स.पू. २३८ मध्ये तिसऱ्या टॉलेमी राजाच्या काळात कॅनोपस इथे एक फर्मान निघाले की दर चौथ्या वर्षी सुट्या दिवसांत सहावा दिवस घालावा. लीप दिवसाची ही अगदी स्पष्ट कल्पना होती, पण ती रुजली नाही.

तरी इजिप्शियन वर्षाला मी सरसकट नावे ठेवणार नाही. ज्या वर्षाची लांबी कधीच बदलत नाही, ते गणिताला फार सोपे असते. दोन घटनांमध्ये किती दिवस गेले हे काढताना मध्ये किती लीप वर्षे आली हे मोजत बसावे लागत नाही. म्हणून ज्योतिर्विदांनी, अगदी क्लॉडियस टॉलेमीपासून कोपर्निकसपर्यंत, आपली गणिते याच वर्षात मांडली. शेतीला जे कॅलेंडर गैरसोयीचे होते तेच खगोलगणिताला सोयीचे ठरले.

एखादे वर्ष लीप आहे की नाही हे कसे ओळखायचे?

वर्षाला ४ ने निःशेष भाग जात असेल तर ते लीप. पण वर्षाच्या शेवटी दोन शून्ये असतील तर ४ विसरा आणि ४०० ने भाग जातो का ते पाहा. जात असेल तरच लीप.

२०२४ लीप होते, २०२८ असेल. १७००, १८००, १९०० लीप नव्हती. १६०० आणि २००० होती. २१००, २२००, २३०० नसतील, २४०० असेल.

शतकवर्षांचा हा अपवाद कशासाठी?

वर सांगितलेल्या पाऊण तासासाठी. दर चौथ्या वर्षी न चुकता एक दिवस दिला तर कॅलेंडरचे सरासरी वर्ष ३६५.२५ दिवसांचे होते. खरे वर्ष ३६५.२४२२ चे. म्हणजे दरवर्षी ११ मिनिटे १४ सेकंद जास्त. हे ऐकायला क्षुल्लक वाटते, पण १२८ वर्षांत त्याचा पुरा दिवस होतो आणि ४०० वर्षांत तीन दिवस होतात, थोडे वरच.

तेव्हा ४०० वर्षांतून तीन लीप दिवस काढून टाकायचे. कोणते काढायचे हे सहज लक्षात राहावे म्हणून शतकवर्षे निवडली. ४०० वर्षांत चार शतकवर्षे येतात, त्यांतली तीन साधी ठेवली आणि एक लीप. अशी १०० ऐवजी ९७ लीप वर्षे उरली आणि सरासरी वर्ष ३६५.२४२५ दिवसांचे झाले. आता चूक वर्षाला सुमारे २७ सेकंदांची आहे. तिचा एक दिवस व्हायला तीन हजारांहून जास्त वर्षे जावी लागतात.

या नियमाची एक गोष्ट मला फार आवडते. ४०० वर्षांत एकूण १,४६,०९७ दिवस येतात आणि या आकड्याला ७ ने निःशेष भाग जातो. म्हणजे दर ४०० वर्षांनी तारखा आणि वार यांचे सगळे चक्र जसेच्या तसे पुन्हा सुरू होते. २००० सालचे कॅलेंडर २४०० साली भिंतीवर लावले तरी एकही वार चुकणार नाही.

लीप वर्षाची पद्धत सुरू कोणी केली?

आज जी आपण वापरतो तिचा पाया ज्युलिअस सीझरने घातला. त्याच्या आधीचे रोमन वर्ष ३५५ दिवसांचे होते आणि ते ऋतूंशी जुळवायला अधूनमधून एक जास्तीचा महिना घालावा लागे. तो कधी घालायचा हे धर्माधिकारी ठरवत आणि त्यात राजकारण शिरले होते. सत्तेवरच्या माणसाची मुदत वाढवायची तर महिना घाला, नको असेल तर राहू द्या. सीझरच्या काळापर्यंत कॅलेंडर ऋतूंपासून काही महिने भरकटले होते.

त्याने अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनीस या ज्योतिर्विदाचा सल्ला घेतला. आधी जुनी थकबाकी फेडायची म्हणून इ.स.पू. ४६ हे वर्ष तब्बल ४४५ दिवसांचे केले. रोमन लेखकांनी त्याला गोंधळाचे वर्ष म्हटले. गोंधळाचे ते शेवटचे वर्ष असावे असा सीझरचा हेतू होता. इ.स.पू. ४५ पासून नवा नियम लागू झाला : तीन वर्षे ३६५ दिवसांची, चौथे ३६६ चे.

आणि इथेच ती तीन तपांची चूक झाली. इ.स.पू. ४४ मध्ये सीझरची हत्या झाली. 'दर चौथ्या वर्षी' हा नियम धर्माधिकाऱ्यांनी आपल्या मोजणीने वाचला. रोमन लोक मोजताना सुरुवातीचा दिवस किंवा वर्षही धरत असत. आपल्याला हे समजायला मुळीच अवघड नाही, कारण आपणही तसेच बोलतो. सात दिवसांच्या काळाला आपण आठवडा म्हणतो आणि सोमवारी 'आठ दिवसांनी भेटू' म्हटले तर पुढचा सोमवार समजतो. त्याच रीतीने त्यांनी लीप वर्ष धरून पुढचे चौथे वर्ष लीप केले, म्हणजे प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी. छत्तीस वर्षांत नऊ लीप दिवसांऐवजी बारा दिले गेले. सम्राट ऑगस्टसने हे लक्षात आणून पुढची काही वर्षे लीप दिवस बंद ठेवले आणि इसवी सनाच्या सुरुवातीच्या वर्षांत गाडी रुळावर आली.

जास्तीचा दिवस फेब्रुवारीलाच का?

रोमनांचे जुने वर्ष मार्चपासून सुरू होई. त्याची खूण महिन्यांच्या नावांत अजून आहे. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर ही नावे लॅटिनमधल्या सात, आठ, नऊ, दहा या आकड्यांवरून आली. संस्कृतमधले सप्त, अष्ट, नव, दश शेजारी ठेवले की नाते लगेच दिसते. मार्चपासून मोजले तर डिसेंबर दहावा आणि फेब्रुवारी बारावा, म्हणजे शेवटचा. हिशेब जुळवायचा तो वर्षअखेरीला, म्हणून जुना जास्तीचा महिनाही फेब्रुवारीतच घालत आणि सीझरनेही तीच जागा राखली.

मात्र रोमन काळात २९ तारीख अशी नव्हतीच. ते २४ फेब्रुवारी हा दिवस दोनदा धरत. पंचांगात तिथीची वृद्धी होऊन एकच तिथी दोन दिवस येते, तसे काहीसे. २४ फेब्रुवारी हा त्यांच्या मोजणीत १ मार्चपूर्वीचा सहावा दिवस, म्हणून लीप दिवसाचे लॅटिन नाव 'दुसऱ्यांदा आलेला सहावा' अशा अर्थाचे होते.

ऑगस्टसने आपला महिना मोठा करायला फेब्रुवारीचा दिवस पळवला, हे खरे आहे का?

नाही. गोष्ट रंगतदार आहे, म्हणून टिकली. सीझरच्या सुधारणेआधीही फेब्रुवारीला २८ च दिवस होते आणि ते सीझरने बदलले नाहीत. ही कथा ऑगस्टसनंतर हजार-बाराशे वर्षांनी मध्ययुगात प्रचारात आली.

१५८२ मध्ये दहा दिवस गायब झाले म्हणतात. ते कुठे गेले?

कुठेच गेले नाहीत, फक्त त्यांना तारखा मिळाल्या नाहीत.

ज्युलिअस सीझरच्या, म्हणजे ज्युलियन, कॅलेंडरातली वर्षाला सव्वाअकरा मिनिटांची चूक साचत गेली. ख्रिस्ती चर्चला ती बोचली ती ईस्टरमुळे. ईस्टरची तारीख वसंतसंपातावर आणि पौर्णिमेवर ठरते आणि संपात २१ मार्चला असतो असे गृहीत धरलेले होते. इ.स. ३२५ मध्ये नायकिया इथे धर्मपरिषद भरली तेव्हा ते जवळपास बरोबर होते. सोळाव्या शतकात मात्र खरा संपात ११ मार्चच्या आसपास येऊ लागला. अलॉयसियस लिलियस या इटालियन वैद्याने सुधारणेची योजना आखली, पण ती अमलात आलेली पाहायला तो जिवंत राहिला नाही. ख्रिस्तोफर क्लॅव्हियस या गणितज्ञाने ती पुढे नेली आणि समजावून सांगितली. पोप तेरावे ग्रेगरी यांनी २४ फेब्रुवारी १५८२ या तारखेचा आदेश काढला.

त्यात दोन गोष्टी होत्या. पुढे चूक साचू नये म्हणून शतकवर्षांचा नियम, आणि मागची चूक पुसायला दहा तारखा वगळणे. गुरुवार, ४ ऑक्टोबर १५८२ च्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार, १५ ऑक्टोबर आला. वारांची साखळी तुटली नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवे. सुधारणा तारखांची झाली, आठवड्याला कोणी हात लावला नाही.

दहाच दिवस का, सीझरपासूनचे सगळे का नाही, असेही विचारतात. कारण लक्ष्य सीझरच्या काळातला संपात नव्हता, ३२५ सालचा होता.

मग सगळ्या देशांनी तेव्हाच बदल केला का?

मुळीच नाही. इटली, स्पेन, पोर्तुगाल, पोलंड यांनी लगेच केला. प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स देशांना पोपचा आदेश मानणे जड गेले. ब्रिटनने आणि त्याच्या ताब्यातल्या प्रदेशांनी १७५२ मध्ये बदल केला : बुधवार, २ सप्टेंबर आणि लगेच गुरुवार, १४ सप्टेंबर. तोवर फरक अकरा दिवसांचा झाला होता, कारण १७०० हे वर्ष ज्युलियन पद्धतीत लीप होते आणि पोप ग्रेगरींच्या नव्या, म्हणजे ग्रेगोरियन, पद्धतीत नव्हते. रशियात ३१ जानेवारी १९१८ नंतर १४ फेब्रुवारी उजाडली. म्हणूनच तिथल्या 'ऑक्टोबर क्रांती'चा दिवस नव्या कॅलेंडरात ७ नोव्हेंबर आहे. ग्रीसने १९२३ मध्ये बदल केला.

या तीनशे-साडेतीनशे वर्षांतल्या तारखा वाचताना जपून राहावे लागते. शेक्सपिअर आणि सर्व्हान्टिस दोघांच्याही मृत्यूची तारीख २३ एप्रिल १६१६ अशी सांगतात. पण स्पेनमध्ये तेव्हा नवे कॅलेंडर होते आणि इंग्लंडमध्ये जुने, त्यामुळे तारीख एक असली तरी त्यांच्यात दहा दिवसांचे अंतर आहे. न्यूटनचा जन्म इंग्लंडच्या तेव्हाच्या कॅलेंडरात २५ डिसेंबर १६४२ चा आणि आजच्या कॅलेंडरात ४ जानेवारी १६४३ चा. दोन पुस्तकांत दोन वेगळ्या तारखा दिसल्या तर लेखकाला चूक ठरवण्याआधी कॅलेंडर कोणते ते पाहावे.

३० फेब्रुवारी कधी आली आहे का?

एकदा, स्वीडनमध्ये, १७१२ साली. स्वीडनने ठरवले होते की दिवस एकदम न वगळता १७०० पासून चाळीस वर्षे लीप दिवस द्यायचेच नाहीत, म्हणजे हळूहळू नव्या कॅलेंडरशी गाठ पडेल. १७०० चा दिवस वगळला. पुढे युद्धाच्या धामधुमीत १७०४ आणि १७०८ चे वगळायचे राहून गेले. आता देशाची तारीख ज्युलियनशीही जुळेना आणि ग्रेगोरियनशीही. शेवटी मागे फिरायचे ठरले आणि १७१२ च्या फेब्रुवारीला दोन जादा दिवस देऊन ज्युलियन कॅलेंडर गाठले. ग्रेगोरियन बदल तिथे १७५३ मध्ये, एका दमात झाला.

२९ फेब्रुवारीला जन्मलेल्यांचा वाढदिवस कधी?

साजरा कधी करायचा हे ज्याचे त्याने ठरवावे. कायद्याने वय कधी पूर्ण होते हे मात्र देशागणिक वेगळे आहे. न्यूझीलंडमध्ये साध्या वर्षी २८ फेब्रुवारी धरतात, ब्रिटनमध्ये १ मार्च.

शतकवर्षाचा नियम कळायला मोरारजी देसाई यांच्यासारखे उदाहरण नाही. जन्म २९ फेब्रुवारी १८९६. चार वर्षांनी १९०० आले, पण ते लीप नव्हते. त्यांच्या आयुष्यातली पहिली २९ फेब्रुवारी १९०४ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी आली. १९९५ च्या एप्रिलमध्ये ते गेले तेव्हा वय ९९ होते. ९९ वर्षांत २९ फेब्रुवारी त्यांना तेवीस वेळा मिळाली. इटालियन संगीतकार रोसिनी यांचा जन्म २९ फेब्रुवारी १७९२ चा. त्यांनाही १८०० च्या अपवादामुळे १७९६ नंतर थेट १८०४ ची वाट पाहावी लागली.

चंद्रावर चालणाऱ्या कॅलेंडरांत लीप वर्ष असते का?

असते, आणि ते जास्त कठीण असते, कारण तिथे दोन नाही तर तीन गती जुळवायच्या असतात. अमावास्येपासून अमावास्येपर्यंतचा चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस आणि वर काही तास. सौर वर्षापेक्षा जवळपास ११ दिवस कमी. एवढी तूट एका दिवसाने भरत नाही, पुरा महिनाच द्यावा लागतो.

अधिकमास तो हाच. त्याची व्यवस्था मला ग्रेगोरियन नियमापेक्षा देखणी वाटते, कारण तिथे वर्षांचा आकडा मोजून नाही, प्रत्यक्ष सूर्याकडे पाहून निर्णय होतो. सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जातो ती संक्रांत. साधारणपणे प्रत्येक चांद्रमासात एक संक्रांत पडते. पण सूर्याला एक राशी ओलांडायला सरासरी साडेतीस दिवसांच्या जवळपास लागतात आणि चांद्रमास त्याहून लहान. त्यामुळे कधीतरी एक चांद्रमास दोन संक्रांतींच्या मध्ये अडकतो आणि त्यात संक्रांत येतच नाही. तो महिना अधिक. सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी हे घडते. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, २०२६ मध्ये ज्येष्ठ.

उलटही घडते, पण फार क्वचित. जानेवारीच्या सुमारास पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि वेगाने पुढे जाते, म्हणून तेव्हाचे सौर महिने छोटे असतात. एकाच चांद्रमासात दोन संक्रांती पडल्या तर एका महिन्याचे नाव गळते. तो क्षयमास. १९६३-६४ आणि १९८२-८३ मध्ये असे झाले होते आणि अशा वर्षी दोन अधिकमास येतात.

हिब्रू कॅलेंडरातही जास्तीचा महिना असतो, पण त्यांनी चक्र ठरवून टाकले आहे : १९ वर्षांत सात वेळा. ही १९ वर्षांची युक्ती फार जुनी आहे. अथेन्सच्या मेटन या ज्योतिर्विदाचे नाव तिला दिले जाते, काळ इ.स.पू. ४३२. १९ सौर वर्षे आणि २३५ चांद्रमास यांच्यात फक्त दोन तासांचा फरक पडतो.

हिजरी कॅलेंडरने वेगळीच भूमिका घेतली. त्याने चंद्राशी इमान राखले आणि सूर्य सोडून दिला. त्याचे वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे, त्यामुळे प्रत्येक महिना दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे येतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरतो. हा दोष मानायचे कारण नाही. जे साधायचे ठरवलेच नाही, ते साधले नाही म्हणून चूक कशी म्हणणार?

पंचांगातले सौर वर्ष आणि ग्रेगोरियन वर्ष एकच का?

नाही. ग्रेगोरियन कॅलेंडर ऋतूंना, म्हणजे सायन वर्षाला धरून चालते. बहुतेक पंचांगे निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भातले वर्ष मानतात. ते ३६५.२५६४ दिवसांचे, सायन वर्षापेक्षा २० मिनिटांनी मोठे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो, सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा, त्यामुळे संपातबिंदू ताऱ्यांमधून मागे सरकतो आणि हा फरक पडतो. याचा परिणाम म्हणून मकर संक्रांत सुमारे ७२ वर्षांत एक दिवस या गतीने जानेवारीत पुढे चालली आहे.

भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका मात्र सायन आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ती सुचवली आणि २२ मार्च १९५७ पासून ती लागू झाली. तिच्यात लीप वर्षी चैत्र ३० ऐवजी ३१ दिवसांचा होतो आणि १ चैत्र २२ ऐवजी २१ मार्चला येतो. शक वर्षात ७८ मिळवून जे ग्रेगोरियन वर्ष येते ते लीप असेल तर शक वर्षही लीप.

ग्रेगोरियनपेक्षा अचूक कॅलेंडर आहे का?

आहे. इराणचे कॅलेंडर नियमावर नाही, प्रत्यक्ष वसंतसंपाताच्या क्षणावर चालते. संपात तिथल्या माध्यान्हापूर्वी आला तर तोच दिवस वर्षाचा पहिला, नंतर आला तर दुसरा. लीप वर्षे आपोआप योग्य जागी पडतात. १९२३ मध्ये सर्बियन शास्त्रज्ञ मिलांकोविच यांनी आणखी एक नियम दिला : शतकवर्षाला ९०० ने भागून बाकी २०० किंवा ६०० उरली तरच ते लीप. काही ऑर्थोडॉक्स चर्च तो पाळतात. हा नियम ग्रेगोरियनपासून पहिल्यांदा वेगळा पडेल तो २८०० साली.

४००० हे वर्ष साधे ठेवावे असाही प्रस्ताव जॉन हर्शेल यांनी १९ व्या शतकात मांडला होता, पण तो कुठे स्वीकारला गेला नाही. माझ्या मते घाई नाही. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचे परिवलन मंदावते आहे, दिवस शतकाला एक-दोन मिलिसेकंदांनी लांबतो आहे. हजारो वर्षांनंतर वर्षात नेमके किती दिवस बसतील हे आज दहाव्या दशांशापर्यंत ठरवून नियम लिहिण्यात अर्थ नाही.

मग वसंतसंपात दरवर्षी एकाच तारखेला का येत नाही?

कारण आपण बाकी रोज फेडत नाही, साचवून फेडतो. तीन वर्षे संपात दरवर्षी सुमारे पावणेसहा तासांनी उशिरा येतो, मग लीप दिवसाने एकदम मागे खेचला जातो. शतकवर्ष चुकले की हा झोका आणखी मोठा होतो. जागतिक प्रमाणवेळेनुसार १९०३ मध्ये तो २१ मार्चच्या संध्याकाळी आला होता, २०९६ मध्ये १९ मार्चच्या दुपारी येईल. दोन दिवसांहून जास्त फरक, आणि तरीही कॅलेंडर बरोबर.

लीप वर्षामुळे कॉम्प्युटर का चुकतात?

कारण लिहिणाऱ्याला नियम अर्धा माहीत असतो. एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न आलेली तारीख आजही आहे. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्राममध्ये १९०० लीप धरले होते आणि त्याच्या फायली नीट उघडाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक जाणूनबुजून घेतली. ३१ डिसेंबर २००८ ला झून हे संगीत ऐकायचे उपकरण, त्याचे ३० जीबीचे मॉडेल, जगभर बंद पडले : वर्षाचा ३६६ वा दिवस त्याच्या प्रोग्रामला सुटेना आणि तो एकाच फेऱ्यात अडकून राहिला.

२००० सालात मात्र एक विलक्षण गोष्ट होती. ज्याला फक्त चारचा नियम माहीत होता त्याचे उत्तर बरोबर आले. ज्याला चारशेही माहीत होते त्याचेही आले. शंभरपर्यंत शिकून जो थांबला होता, तेवढाच चुकला.

लीप सेकंद म्हणजे हेच का?

नाव सारखे, कारण वेगळे. लीप वर्ष दिवस आणि वर्ष यांचा मेळ घालते, लीप सेकंद अणुघड्याळ आणि पृथ्वीचे परिवलन यांचा. १९७२ ते २०१६ या काळात असे २७ सेकंद दिले गेले. २०३५ पर्यंत ही पद्धत बदलायचा आंतरराष्ट्रीय निर्णय २०२२ मध्ये झाला आहे.

ऑलिंपिक लीप वर्षातच असते ना?

बहुधा, पण त्याचा नियमाशी संबंध नाही. १९०० चे पॅरिस ऑलिंपिक साध्या वर्षी झाले आणि २०२० चे टोकियो ऑलिंपिक प्रत्यक्षात २०२१ मध्ये.

२१०० मध्ये नेमके काय होईल?

२०९६ नंतरचे लीप वर्ष २१०४. मध्ये आठ वर्षांचे अंतर. २८ फेब्रुवारी २१०० ला रविवार असेल आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, १ मार्च. आज शाळेत जाणारी कितीतरी मुले तो सोमवार पाहतील. जी ऑर्थोडॉक्स चर्च अजून ज्युलियन कॅलेंडर पाळतात, ती तेव्हाही पाळत असतील तर त्यांची २९ फेब्रुवारी आपल्या १४ मार्चला येईल आणि दोन कॅलेंडरांमधला आजचा तेरा दिवसांचा फरक त्या दिवसानंतर चौदा होईल.